किनाऱ्यावर 'दुर्मीळ' ठरणारे पक्षी आणि बिलोलीच्या ज्वारीवरच्या भोरड्या: वसंतातलं पक्षी स्थलांतर समजून घ्या

मार्च ते मे या महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर एक पोस्ट हमखास फिरते. 'दुर्मीळ पक्षी आढळला.' सोबत एक फोटो असतो आणि खाली शंभरेक अंगठे. कधी तो कोकणातल्या किनाऱ्यावरचा पाणपक्षी असतो, कधी ठाणे खाडीतले फ्लेमिंगो, तर कधी वादळानंतर वाळूवर पडलेला, नाव कुणालाच माहीत नसलेला समुद्री पक्षी. चार दिवसांनी तोच फोटो दुसऱ्या जिल्ह्याच्या नावानं येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवा म्हणून फिरतो.

हे पक्षी नेमके याच दिवसांत का दिसतात? 'दुर्मीळ' कुणाला म्हणायचं, हे कोण ठरवतं? आणि समुद्रापासून ५०० किलोमीटर आत असलेल्या नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीचा या सगळ्याशी काय संबंध?

वसंतातलं स्थलांतर म्हणजे काय?

आपल्याकडे पाहुणे पक्षी म्हटलं की हिवाळा आठवतो. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उत्तरेकडचे पक्षी भारतात उतरायला लागतात. तिकडे बर्फ पडतो, पाणी गोठतं, किडे आणि गवत मिळेनासं होतं, म्हणून ते इकडे येतात. हा प्रवासाचा पहिला निम्मा भाग.

दुसरा भाग आपल्या उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू होतो. आपल्याकडे चैत्राचं ऊन तापत असतं, तेव्हा सायबेरिया, मंगोलिया, कझाकस्तान, तिबेट या भागांत बर्फ वितळू लागलेला असतो. पक्ष्यांना तिथे पोहोचून घरटं करायचं असतं. घरट्यासाठी चांगली जागा लवकर येणाऱ्याला मिळते आणि उत्तर ध्रुवाजवळचा उन्हाळा जेमतेम काही आठवड्यांचा असतो. म्हणून परतीचा प्रवास बहुतेक पक्षी घाईनं करतात. हिवाळ्यात एकाच तळ्यावर चार महिने दिसणारा पक्षी एप्रिलमध्ये एखाद्या ठिकाणी दोन दिवस थांबतो आणि तिसऱ्या दिवशी निघून जातो. वसंतातली नोंद चुकते ती या घाईमुळे.

भारतात येणारे बरेचसे पाणपक्षी 'मध्य आशियाई हवाई मार्ग' वापरतात. उत्तर ध्रुव महासागरापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या या मार्गात ३० देश येतात. मराठवाड्यात जायकवाडीसारख्या जलाशयांवर दिसणारा पट्टकदंब हा त्यातला नावाजलेला प्रवासी. हे हंस हिमालय ओलांडून जातात. त्यांच्या अंगावर बसवलेल्या यंत्रांनी ७ हजार मीटरपेक्षा जास्त उंचीची नोंद केलेली आहे.

कोकण किनाऱ्यावर या दिवसांत काय दिसतं?

ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची आणि वाळूची पट्टी ही किनारी पक्ष्यांची खाणावळ. तुतवार, चिखल्या, पाणटिवळे, कुररी असे अनेक पक्षी चोच खुपसून चिखलातले किडे, गोगलगायी आणि बारीक खेकडे टिपत असतात. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळचा आक्षीचा किनारा, उरणची पाणथळ जमीन, ठाण्याची खाडी ही त्यांची पक्षीनिरीक्षकांना परिचित असलेली ठिकाणं.

हिवाळ्यात यातले बहुतेक पक्षी राखाडी-पांढुरके असतात आणि नवशिक्याला सगळे सारखेच वाटतात. मार्च-एप्रिलमध्ये मात्र त्यांचा वेश बदलतो. बाकदार चोचीचा तुतवार, ज्याला इंग्रजीत कर्ल्यू सँडपायपर म्हणतात, तो विटेसारखा लाल होतो. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची मान आणि छातीही तांबूस होते. हा विणीच्या हंगामाचा पोशाख. त्यामुळे 'नवीनच पक्षी आलाय' असं म्हणून टाकलेला फोटो बऱ्याचदा महिनाभरापूर्वी तिथेच फिरणाऱ्या पक्ष्याचा निघतो. पक्षी तोच, कपडे नवे.

रंगाबरोबर वजनही वाढतं. लांबचं उड्डाण करायचं तर इंधन लागतं आणि पक्ष्याचं इंधन म्हणजे चरबी. निघण्याआधीच्या काही आठवड्यांत हे पक्षी अक्षरशः खाऊन खाऊन जाड होतात. याच दिवसांत शाळांना सुट्ट्या लागतात आणि किनारे गर्दीनं भरतात. थव्यात कुत्रा शिरला, कुणी वाळूवरून गाडी पळवली किंवा उडतानाचा व्हिडिओ हवा म्हणून थवा मुद्दाम उठवला, की साठवलेल्या इंधनातलं थोडं खर्च होतं आणि ओहोटीचा मोजका वेळही वाया जातो. एकदा उठवल्यानं पक्षी मरत नाही. पण दिवसातून दहादा उठवलेला पक्षी हजारो किलोमीटरच्या प्रवासाला अर्धपोटी निघतो.

फ्लेमिंगोंची गोष्ट थोडी वेगळी. ठाणे खाडीत दिसणारे रोहित पक्षी सायबेरियातून येत नाहीत. भारतातली त्यांची विणीची मोठी जागा कच्छच्या रणात आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तरीही २० मे २०२४ च्या रात्री मुंबईत घाटकोपर भागात विमानाच्या धडकेत जवळपास ४० फ्लेमिंगो मेले. अभयारण्याची हद्द जमिनीवर आखता येते, हवेतली वाट तशी आखता येत नाही, हे त्या रात्री दिसलं.

समुद्र ओलांडून येणारे

सगळे पक्षी भारतातून उत्तरेकडे जातात असं नाही. काही जण याच दिवसांत आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून भारतात येतात.

अमूर ससाणा त्यातला एक. कबुतराएवढा हा शिकारी पक्षी पूर्व सायबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीनमध्ये वीण करतो आणि दक्षिण आफ्रिकेत हिवाळा काढतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो नागालँड-मणिपूरमध्ये थांबतो. २०१२ मध्ये नागालँडमधल्या दोयांग जलाशयाभोवती जाळी लावून हे ससाणे प्रचंड संख्येनं मारले जात असल्याचं उघड झालं. स्थानिक गावांनी शिकार थांबवायचा निर्णय घेतला आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवण्यात आली. 'नागा', 'वोखा' आणि 'पांगती' अशी त्यांची नावं. भारत पार करून अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिका गाठायची, ही त्यांची वाट तेव्हा नकाशावर दिसली. जाताना महाराष्ट्रात ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काही दिवस दिसतात. परतीला एप्रिल-मेमध्ये ते सोमालियाच्या बाजूनं पुन्हा समुद्रावर झेपावतात.

दुसरा प्रवासी सोशल मीडियावरच प्रसिद्ध झाला. २०१९ च्या जूनमध्ये मंगोलियात पाच कुक्कू पक्ष्यांवर यंत्रं बसवली गेली. त्यांची नावं तिथल्या शाळकरी मुलांनी ठेवली होती. त्यातला 'ओनोन' मार्च २०२० मध्ये झांबियातून निघाला, समुद्र ओलांडून मध्य प्रदेशात रतलामजवळ थांबला आणि मेअखेरीस मंगोलियात परतला. सुमारे १२ हजार किलोमीटर, १६ देश. भारतात टाळेबंदी होती आणि घरात अडकलेली माणसं फोनवर एका पक्ष्याला सीमा ओलांडताना पाहत होती.

मग येतो चातक. मे संपता संपता आफ्रिकेकडून भारताकडे वाहणारे नैऋत्य वारे जोर धरतात. त्या वाऱ्यांच्या साथीनं चातक येतात आणि मागोमाग पाऊस येतो. चातक पावसाची वर्दी देतो या समजुतीमागे असा साधा हिशोब आहे: दोघंही एकाच वाऱ्यावर स्वार होऊन येतात. इथे एक घोटाळा मात्र नेहमी होतो. 'पेरते व्हा' असा आवाज असलेली जी ध्वनिफीत दर मेमध्ये 'चातकाची साद' म्हणून फिरते, ती पावशाची असते. पावशा बहुतेक ठिकाणी वर्षभर आपल्याच भागात असतो, उन्हाळ्यात फक्त ओरडायला लागतो. चातक काळा-पांढरा आणि डोक्यावर तुरा असलेला. पावशा राखाडी, शिक्र्यासारखा दिसणारा.

वादळ आणि पावसाळ्यात सापडणारे पक्षी

काही पक्षी किनाऱ्यावर येत नाहीत, आणले जातात. अरबी समुद्रात चक्रीवादळं प्रामुख्यानं पावसाळ्याच्या आधी आणि नंतर होतात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' कोकण किनाऱ्याला समांतर जात गुजरातेत शिरलं. खोल समुद्रावर आयुष्य काढणारे फ्रिगेट, बूबी आणि काही जातींचे सुरय अशा वाऱ्यात किनाऱ्याकडे ढकलले जातात. मग दमलेला, उडता न येणारा मोठा पांढरा पक्षी वाळूवर सापडतो. वादळ नसलं तरी पावसाळ्याच्या जोरदार वाऱ्यांत मास्क्ड बूबीसारखे पक्षी कोकणात असे सापडतात.

अशा पक्ष्याला 'समुद्रात सोडून द्या' हा सल्ला चुकीचा. तो दमलेला असतो, लाटांत तो बुडतो. तोंडात बळजबरीनं पाणी किंवा मासा घालू नये. हवा जाईल असा खोका, अंधार, शांतता आणि वन विभागाची हेल्पलाइन १९२६ एवढंच पुरेसं. बूबीची चोच धारदार असते, त्यामुळे टॉवेल टाकल्याशिवाय हात लावू नये.

'दुर्मीळ' म्हणजे नेमकं काय?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर बिलोलीच्या शिवारात मिळतं, भोरडीच्या रूपात. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना, काही भागांत पळसमैना म्हणतात ती. रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की हजारोंचे थवे कणसांवर उतरतात. माचा बांधून, गोफण फिरवून, डबे वाजवून त्यांना हाकलावं लागतं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला 'भोरडी दुर्मीळ आहे' असं सांगितलं तर तो हसेल.

पळस, पांगारा, सावर फुलली की भोरड्या फुलांतल्या मधावर गोळा होतात आणि एप्रिल-मेपर्यंत वायव्येकडे निघून जातात. मध्य आशियापासून आग्नेय युरोपापर्यंतच्या गवताळ प्रदेशात, खडकांच्या कपारींत त्यांची वीण होते. तिथे त्यांचं मुख्य अन्न म्हणजे टोळ आणि नाकतोडे. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून या पक्ष्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग आणि घरट्यांच्या जागा बांधलेल्या आहेत. एकाच पक्ष्यासाठी इथे गोफण आणि तिथे घर.

आणि ब्रिटनमध्ये? तिथे एखादी भोरडी एखाद्या गावाच्या परसात उतरली तर ती पाहायला लोक लांबून येतात. २०१८ सारख्या वर्षी मे-जूनमध्ये त्या नेहमीपेक्षा जास्त संख्येनं पश्चिम युरोपात पोहोचल्या, तेव्हाही प्रत्येक नोंदीची चर्चा झाली.

म्हणजे दुर्मीळपणा नुसत्या पक्ष्यावर ठरत नाही. तो कुठे आणि कधी दिसला यावर ठरतो. ठाणे खाडीत जानेवारीत फ्लेमिंगो ही रोजची बाब, बिलोलीत दिसला तर बातमी. चातक जूनमध्ये अपेक्षित, पण जानेवारीत मराठवाड्यात दिसला तर जाणकार कान टवकारतील. काही पक्षी मात्र जगातच कमी उरलेले असतात. ते 'संकटग्रस्त', आणि तो वेगळा शब्द आहे. पोस्टमध्ये या दोन्हींची सरमिसळ होते.

याचा सरळ अर्थ असा, की ठिकाण आणि तारीख नसलेला फोटो कितीही सुंदर असला तरी तो दुर्मीळ नोंद ठरू शकत नाही.

बिलोली या नकाशात कुठे बसते?

नकाशावर बिलोलीपासून सरळ रेषा काढा. पश्चिमेला कोकणचा किनारा आणि आग्नेयेला आंध्रचा किनारा, दोन्ही ५०० किलोमीटरच्या आसपास येतात. ताशी ६० किलोमीटर वेगानं उडणाऱ्या पाणपक्ष्यासाठी हे साधारण एका रात्रीचं अंतर. आणि बरेचसे किनारी पक्षी रात्रीच उडतात.

उतरायला जागाही आहे. मांजरा बिलोली तालुक्याच्या कडेनं वाहते आणि तेलंगणच्या हद्दीवर कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. त्याच्या खाली श्रीरामसागर म्हणजे पोचमपाडचा जलाशय. वर शेजारच्या धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात आणि दरवर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडलं जातं. हा दोन राज्यांतला पाण्याचा हिशोब. पण पक्षी येण्या-जाण्याचे दिवस आणि या तारखा जवळजवळ एकमेकांवर बसतात. मार्चनंतर पाणी आटत जातं, चिखलाच्या कडा आणि वाळूची बेटं उघडी पडतात. लदाख-तिबेटकडे निघालेले चक्रवाक, मध्य आशियाकडे निघालेले तुतवार यांना लागते ती अशीच जागा.

पाहुणे निघत असतानाच याच वाळूवर घरच्यांचा संसार सुरू होतो. नदी सुरय, छोटा आर्ली, कंठेरी चिखल्या हे आपले बारमाही पक्षी. साधारण मार्च ते मे या काळात ते नदीतल्या उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतात. काडीचंही घरटं नसतं. अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपकेदार. कोल्ह्याला दिसू नयेत म्हणून ती तशी असतात, आणि म्हणूनच ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाही दिसत नाहीत.

मांजरेच्या वाळूसाठी बिलोली तालुका ओळखला जातो. पावसाळ्यात पात्र भरलेलं असतं, त्यामुळे उपशाचा जोर कोरड्या महिन्यांत, म्हणजे ऐन विणीच्या दिवसांत. वाळू लागणारच, घरं बांधायची आहेत. पण पात्राच्या मधोमध, पाण्यानं वेढलेल्या बेटावर अंडी आहेत हे कुणाला माहीतच नसेल तर ते बेट वगळा असं सांगणार कोण? कोकणातल्या आणि मुंबईच्या पाणथळ जागांवर दर रविवारी दुर्बिणी लावून माणसं उभी असतात, तिथे काय होतं याची नोंद राहते. मांजरेच्या पात्रात काय होतं, हे सांगायला माणूसच नसतो.

तुमचा फोटो नोंद कशी होईल?

भारतात पक्ष्यांबद्दल जे माहीत आहे, त्यातलं बरंच सामान्य लोकांनी गोळा केलं आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'मायग्रंटवॉच' उपक्रमात लोक फक्त एवढंच कळवत: अमुक पक्षी यंदा पहिल्यांदा कधी दिसला, शेवटचा कधी दिसला. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३' या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे आणि तो ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदींतून तयार झाला. 'ईबर्ड' या मोफत अ‍ॅपवर अशी नोंद कुणालाही करता येते.

त्यासाठी एवढं पाळा:

• तारीख, वेळ, गाव. मूळ फोटो जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यात साठलेली तारीख आणि ठिकाणाची माहिती निघून जाते.

• न कापलेला फोटो. आजूबाजूचं पाणी, गवत, शेजारचा बगळा यावरून आकार कळतो. चोच, पाय आणि उडताना पंख दिसणारे फोटो जास्त उपयोगी.

• पक्षी काय करत होता. चिखलात चोच खुपसत होता, घिरट्या घालत होता की ओरडत होता. ओळख पटवायला याची मदत होते.

• नेहमीचे पक्षीही नोंदवा. 'आज भोरड्यांचा शेवटचा थवा दिसला' ही नोंद दुर्मीळ पक्ष्याच्या फोटोइतकीच मोलाची. नेहमीचं काय ते माहीत असेल तरच वेगळं काय ते कळतं.

• फॉरवर्ड करण्याआधी विचारा. कुणी काढला, कधी, कुठे? उत्तर नसेल तर पुढे पाठवू नका.

काय टाळायचं?

घरट्याचं नेमकं ठिकाण जाहीर करू नका. तालुका लिहिला तरी पुरे. वाळूवरच्या अंड्यांजवळ उभं राहून फोटो काढू नका, कारण पालक उडाले की एप्रिलच्या उन्हात उघडी अंडी काही मिनिटांत तापतात. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित पक्ष्यांना पकडणं, त्यांची अंडी उचलणं हा गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. तो आठवडा पाहुण्यांच्या स्वागताचा. त्यांना निरोप द्यायला मात्र कुठला सप्ताह नाही, आणि म्हणून मार्च ते मेच्या नोंदी कमी पडतात. बिलोलीत, कुंडलवाडीत, सगरोळीत किंवा कोकणातल्या एखाद्या बंदरावर राहणाऱ्या कुणीही येत्या चैत्रात रोज दहा मिनिटं एकाच जागी उभं राहून दिसलेले पक्षी लिहून ठेवले, तर दोन महिन्यांत त्या जागेची एक यादी तयार होते. नदीतलं कुठलं बेट उपशातून वगळायचं, हे सांगताना ती यादी हातात असलेली बरी.